पिल्लांची झबली

जठारपेठ, अकोला
२० जुलै २०२५

प्रिय सरू,

परवा तू फोन केलास, मी "हो हो, बरं बरं" म्हटलं आणि ठेवला. खरं सांगते, त्यातलं निम्मंही मला ऐकू आलं नाही. कानातलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारतं. केयूर म्हणतो, आई, आत्याला मेसेज कर. त्या काचेवर माझा थरथरता अंगठा एका अक्षरावर जातो आणि उमटतं भलतंच. म्हणून आपला कागदच बरा. शाळेत माझं अक्षर बाईंना लागायचं नाही आणि तू उभी राहून वाचून दाखवायचीस, तसंच आताही वाच.

श्रावणात तुझ्या दादाला जाऊन दोन वर्षं होतील. घर अजून त्यांच्या खोकल्याची वाट बघतं. बाकी सगळं ठीक. सूनबाईला, आपल्या जुईलीला, पाचवा महिना लागलाय. महालक्ष्म्यांना तिची आई बाळापूरहून येईल आणि आठ दिवस राहील.

काळजी आहे ती श्रावणीची. तिवशाचं एक चांगलं स्थळ घरी येऊन गेलं. मुलगा इंजिनीअर, माणसं साधी. ही आली, पाणी दिलं, आणि दहाव्या मिनिटाला "मला कोर्टात तारीख आहे" म्हणून काळा कोट घालून निघून गेली. तेहतीस पूर्ण झाली, सरू. लोक विचारतात तेव्हा मी कानातलं यंत्र काढून ठेवते, पण किती दिवस? तू तिची आत्या, तुझं ती ऐकते. तू एकटीने दिवस कसे काढलेस ते तिला नीट सांग, म्हणजे तिच्या डोक्यात प्रकाश पडेल.

महालक्ष्म्या यंदा एकतीस ऑगस्टला आहेत. साड्या कोण नेसवणार हा प्रश्नच आहे. माझे हात असे, आणि हे गेल्यापासून मी त्यांना हात लावत नाही, फुलोऱ्याच्या तळणाचं तेवढं बघते. गेल्या वर्षी जुईलीने मोबाईलवर बघून बघून नेसवल्या, तर ज्येष्ठा बांधून ठेवलेल्या गादीसारखी दिसत होती. यंदा श्रावणी म्हणते, मी नेसवते. विहीणबाईंना ते कसं वाटेल कोण जाणे.

महालक्ष्म्यांच्या पिल्लांची, दोन्ही लेकरांची, झबली पाठवशीलच. मागच्या वर्षीची फार शोभली हो, हिरवा काठ तर येणाऱ्याजाणाऱ्याने वाखाणला. तू आलीस तर आनंदच, पण तुझे गुडघे आणि तो प्रवास, मी आग्रह करत नाही.

तुझी,
गोदा


रुक्मिणीनगर, अमरावती
२८ जुलै २०२५

गोदे,

तुझं पाकीट पोचलं. आमचे पोस्टमन जानराव फाटकातूनच मोठ्याने वाचतात. "कुमारी सरोजिनी! घ्या." सहासष्ट वर्षांची कुमारी चष्मा सावरत, गुडघा धरत फाटकापर्यंत गेली. समोरच्या बांधकामावरचे दोन गवंडी काम थांबवून बघायला लागले. चाळीस वर्षं तू पाकिटावर 'कु.' लिहितेस. आधी दादा सांगायचा म्हणून लिहायचीस, आता कोण सांगतं?

श्रावणीला मी काहीही समजावणार नाही. 'एकटीने दिवस कसे काढलेस' म्हणजे काय गं? मी दिवस काढले नाहीत, जगले. बत्तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं, हे घर बांधलं, दारात दोन सीताफळं लावली. लग्न का केलं नाही याची उत्तरं लोकांनी आपापसात ठरवली. कुणी म्हणालं पत्रिकेत मंगळ, कुणी म्हणालं कुणीतरी फसवलं. खरं उत्तर एवढंच होतं की मला करावंसं वाटलं नाही. हे उत्तर फार लहान आहे, कुणाला पुरत नाही.

कठीण एकटं राहणं नव्हतंच. कठीण होतं ते "तुला काय, एकटा जीव" हे ऐकणं. मेमध्ये पेपर तपासायला सरोजिनीबाई, कारण घरी कोण आहे? निवडणुकीची ड्यूटी मेळघाटात, सरोजिनीबाईंनाच. दादाच्या ऑपरेशनला तीन आठवडे दवाखान्यात मीच, आणि ते मी आनंदाने केलं. पण हळदीकुंकवाला शेजारीण सगळ्या गल्लीला बोलवायची आणि माझ्या दारापुढून जाताना पदर सारखा करून पुढे जायची. मुलांची दृष्ट काढली जायची ती कुणाची लागली म्हणून, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस.

असो. तुला गच्ची आठवते का, अंबागेटची? आई मला साडी नेसवायला शिकवत होती तेव्हा आपण आठवीत होतो. सरावाला कुणी हवं म्हणून तुला पिठाच्या डब्यावर उभी करायचे. तू ज्येष्ठा. हात अंगाला चिकटवून, पापणी न हलवता. मी तोंडात टाचण्या धरून म्हणायचे, "हलू नको गोदे," आणि नेमकी तेव्हाच तुला हसू यायचं. आई खालून ओरडायची, "काहून खिदळून राहिल्या गं पोरींनो? देवी आहे ते!" मग बक्षीस म्हणून राजकमल चौकातला दह्यात बुडालेला गिलावडा. तू माझ्या वाटणीचं दहीसुद्धा खायचीस.

आता शेवटचं. गेल्या वर्षी मी झबली पाठवलीच नव्हती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, सुईत दोरा जाईना. त्या पुडक्यात दुसरंच काही होतं. म्हणजे तू पुडकं उघडलंच नाहीस, आणि हिरवा काठ वाखाणलास. त्याच्या आधीची उघडलीस का, हे मी विचारत नाही. पुडकं कुठे आहे ते तुला ठाऊक असेल. उघड.

सरोजिनी


अकोला
१९ ऑगस्ट २०२५

सरू,

तीन आठवडे झाले. लिहायला बसत होते आणि उठत होते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. श्रावणी वकील झाली आहे, तिच्यापासून चेहरा लपत नाही. मी म्हटलं, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढ. तिने शिडी लावली, ट्रंक खाली आणली. उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि त्यात पुडकी. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेली, प्रत्येकावर तुझं ते शाळेतल्या फळ्यासारखं अक्षर. एकही उघडलेलं नाही. श्रावणीने माझ्याकडे बघितलं आणि एकेकाची शिवण उसवायला बसली. पहिलं ब्याण्णव सालचं होतं. लाल खणाचं झबलं, खणाचीच कुंची, आणि मुलीसाठी वीतभर परकर. सगळ्या पलंगावर झबली झाली. आम्हाला बसायला जागा उरली नाही.

गेल्या वर्षीच्या पुडक्यात दोन ब्लाउजपीस आणि तुझी चिठ्ठी. श्रावणीने ती मोठ्याने वाचली, मला ऐकू जावी म्हणून. "गोदे, पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात साधं असतं, तरी भीती वाटते. त्याआधी एकदा महालक्ष्म्या बघाव्याशा वाटतात. नेसवणार नाही, हातही लावणार नाही, लांब बसेन. ये म्हणालीस तर येईन." आणि मी काय केलं? उत्तर तर दिलं नाहीच, वर यंदा तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

आता जे लिहिते ते वाचून तू माझं तोंड बघायचं नाही म्हणालीस तरी मी बोलणार नाही.

एक्याण्णव साल. आई तोवर आमच्याकडे अकोल्याला आल्या होत्या, देवी इथेच होत्या, तू दर वर्षी नेसवायला येत होतीस. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि दोनदा दिवस राहून गेले होते. शेजारच्या पार्बताबाई दुपारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माय, राग नोको मानू. जिले नवरा नाही, जिले लेकरू नाही, तिनं पिल्लाईले झबले घातले, त तुया घरात पाळना कसा हालन?" मी हसण्यावारी न्यायला हवं होतं. नाही नेलं. रात्रभर तेच डोक्यात. सकाळी मी आईंचे पाय धरले आणि म्हटलं, यंदा सरूला नेसवू देऊ नका.

म्हणून आई तुला म्हणाल्या, "सरू, यंदा राहू दे. दुसरं कोणी नेसवील." तू टाचण्यांची डबी खाली ठेवलीस, "बरं" म्हणालीस आणि स्वयंपाकघरात जाऊन सोळा भाज्या एकटीने चिरल्यास. मी भिंतीआड उभी होते. तू आईंनाच बोल लावणार हे मला कळत होतं. मी लावू दिला. पुढच्या वर्षी श्रावणी झाली आणि मग माझं तोंड कायमचंच बंद झालं. तुझी झबली पिल्लांना घालायची माझी छाती झाली नाही, आणि टाकून द्यायचीही झाली नाही.

आता बघ देवाची करणी. गेल्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला, मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर लावला. म्हणाल्या, घरात पोटुशी आहे, तर श्रावणीताईंनी नेसवू नये, आपण एखादी लेकुरवाळी बघू. माझ्या तोंडावर 'बरं' आलं होतं, सरू. अगदी ओठांवर. समोर श्रावणी बसली होती. ती म्हणाली, "आई, आत्या म्हणूनच येत नाही का?" मी तिला सगळं सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

ये असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी ये.

गोदा


अमरावती
२३ ऑगस्ट २०२५

गोदे,

पत्र वाचलं आणि सीताफळाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. पहिल्यांदा जो राग आला तो तुला कळावा म्हणून लिहिते. नंतर पुसणार नाही.

आईवर मी दहा वर्षं रागावले होते. ती गेली तोवर. अकोल्याला यायचे तेव्हा तिच्या खोलीत पाच मिनिटं बसायचे, औषधं विचारायचे आणि उठायचे. ती म्हणायची, "बस ना गं थोडी," आणि मला गाडी गाठायची असायची. शेवटच्या आजारात तिने एकदा माझा हात धरला आणि म्हणाली, "सरू, मले काही सांगायचं होतं." मग तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे." मला वाटलं, माफी मागायची असेल आणि मागवत नसेल. ती तुला सांभाळत होती, गोदे. माझी आई माझा राग अंगावर घेऊन गेली, आणि तू तिच्या उशाशी उभी होतीस. हे मला माफ करता येईल की नाही, माहीत नाही. आज तरी येत नाही.

आणि एक्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात तुला अमरावतीला आणून डॉक्टरीणबाईंकडे कोण घेऊन जात होतं? दोन महिने तू माझ्याकडे होतीस. इंजेक्शनाच्या तारखा माझ्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या होत्या. श्रावणी त्या उपचाराने झाली. पण तुझ्या मनात ती झाली माझा हात लागला नाही म्हणून. हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

आता माझं ऐक. तू खरं लिहिलंस, मग मीही लिहायला हवं.

श्रावणी झाल्याची तार आली तेव्हा मी शाळेत होते. आनंदाने डोळे भरले, आणि त्याच क्षणी मनात आलं, बरं झालं मी हात लावला नाही. मी, जी मुलींना सांगायची की कारण आणि परिणाम तपासून बघा. त्याच वर्षी महालक्ष्म्यांना तू "ये" असं लिहिलं होतंस, आठवतं? वरवरचं असेल, पण लिहिलं होतंस. मी रजा नाही असं कळवलं. रजा होती. मला भीती वाटली, गोदे. आले, पिल्लांना हात लागला, आणि पोरीला साधा तापही आला तर? कुणी काही बोललं नसतं तरी मीच बोलले असते. म्हणून घरी बसून झबली शिवायची आणि लांबून पाठवायची. ती तू ट्रंकेत ठेवलीस. पार्बताबाई एकदाच बोलून गेल्या; पुढची सगळी वर्षं आपण दोघींनीच ते सांभाळलं.

तू मला मुकाट्याने येऊ नकोस म्हणालीस आणि मी मुकाट्याने आले नाही. पण श्रावणीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. तिला लग्न करायचं असेल तर करेल, नसेल तर नाही, पण टाचण्यांची डबी तिने खाली ठेवायची नाही.

मी येते. तिने बडनेऱ्याहून तिकीट काढून पाठवलंय, तीस तारखेला सकाळी अकोल्याला उतरते. येते ती तिच्यासाठी. तुझ्यासाठी की नाही ते तिथे आल्यावर बघू. एक अट आहे. विहीणबाईंशी तू बोलायचंस. श्रावणी नाही, केयूर नाही, मी तर नाहीच. त्या वर्षी तू आईला पुढे केलंस. यंदा स्वतः बोल, आणि मी घरात पाऊल टाकायच्या आधी बोल. आणि मी लांब बसणार नाही.

सरू


अकोला
७ सप्टेंबर २०२५

प्रिय सरू,

तुझी गाडी सुटल्यावर श्रावणी आणि मी फलाटावर उगीच बसून राहिलो. ती म्हणाली, चल ना आई. मी म्हटलं, थांब गं.

चार दिवस घरात माणसांची वर्दळ होती, आपलं बोलणं झालंच नाही. तुला ज्या गोष्टी ठाऊक नाहीत त्या सांगते.

तीस तारखेला तू रिक्षातून उतरलीस तेव्हा विहीणबाई दारात इतक्या गप्प का होत्या, हे तू श्रावणीला विचारलंस म्हणे. त्याच्या तासभर आधी मी त्यांना देवघराच्या खोलीत बोलावलं. म्हटलं, "विहीणबाई, साड्या माझी मुलगी नेसवील आणि तिची आत्या तिला शिकवील." त्या म्हणाल्या, "अहो, पण पोरीचा सहावा महिना. आपण कशाला विषाची परीक्षा घ्या? मी वाईट म्हणून नाही म्हणून राहिली, जुईलीपायी म्हणते." सरू, त्या वाईट नाहीत. घाबरलेल्या आहेत, मी होते तशाच. म्हणून रागावता येईना. मी त्यांना सगळं सांगितलं. पार्बताबाई, माझं आईंच्या पाया पडणं, तुझ्या कॅलेंडरवरच्या तारखा, ट्रंक. शेवटी म्हटलं, "मी भिऊन माझी मैत्रीण चौतीस वर्षं घालवली. तुम्ही माझी मुलगी घालवू नका." मग त्या बोलायला लागल्या तेव्हा मी कानातलं यंत्र काढून ओट्यावर ठेवलं. त्या बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला आजवर माहीत नाही, आणि विचारायचंही नाही.

जुईली दाराशी उभी होती. तिने ट्रंकेतली ब्याण्णवची झबली उचलली आणि पिल्लांपुढे नेऊन ठेवली. तू आलीस तेव्हा ती तिथेच होती. तुला वाटलं श्रावणीने ठेवली, म्हणून तुझ्या लक्षात आणून देते.

आता माझं. श्रावणीला निऱ्या जमेनात तेव्हा तू म्हणालीस, महालक्ष्मीच्या पत्र्याच्या कोठीवर नेसवण्याआधी माणसावर शिक. आणि माझ्याकडे बघितलंस. मी मागे सरले. दोन वर्षांत मी काठापदराची साडी अंगाला लावली नव्हती, आणि ती तर ज्येष्ठेसाठी आणलेली, हिरवीगार. विहीणबाई समोर बसलेल्या. तू नुसतं जमिनीकडे बोट केलंस. मी उभी राहिले.

तुझं लक्ष निऱ्यांकडे होतं, म्हणून तुला दिसलं नसेल. तू गुडघे दुमडून खाली बसलीस तेव्हा कण्हलीस, आणि तुझे पांढरे केस माझ्या कमरेशी आले. श्रावणीला सांगत होतीस, आधी घोळ मोज, मग चिमटीत धर, घाई करू नकोस. अगदी आईंच्या आवाजात. मग तू टाचण्या तोंडात धरल्यास आणि म्हणालीस, "हलू नको गोदे."

माझे हात दिवसभर हलतात, सरू. पाण्याचा पेला धरला तरी हलतात. तेव्हा हलले नाहीत. मी खाली बघितलं आणि मला अंबागेटची गच्ची दिसली, पिठाचा डबा पायाखाली होता आणि आईंचा ओरडा कानात होता. मला हसू यायला लागलं. तू वर बघितलंस, तोंडात टाचण्या आणि डोळ्यांत पाणी. मला वाटतं, तू तिथेच मला माफ केलंस. केलं नसशील तर तसं कळव, मी पुन्हा मागेन.

आईंची तर आता मला माफी मागता येत नाही. गौरी उठवताना मी त्यांचं नाव घेतलं आणि मोठ्याने सांगितलं, सरूला सगळं कळलं.

विहीणबाई काल बाळापूरला गेल्या. जाताना उंबऱ्यातून परत फिरल्या आणि म्हणाल्या, "निऱ्या लय सुरेख पडल्या हो." बाकी काही नाही. तिवशाच्या मंडळींना मी नकार कळवला, श्रावणीला न विचारता, कारण तिने तो आधीच दिला होता. जुईली म्हणते, झबल्यांपैकी दोन मऊ बघून बाळासाठी काढून ठेवा. मी काढलीत. बाकीची धुऊन, उन्हात घालून पुन्हा ट्रंकेत ठेवलीत, पण ट्रंक माळ्यावर नाही, देवघराखाली.

पाकिटावर काय लिहावं याचा मी बराच विचार केला. 'कु.' लिहायचं नाही हे नक्की. शेवटी नुसतं 'सरोजिनी' लिहिलं. जानराव फाटकातून काय ओरडतात ते कळव.

आणि पुढच्या वर्षी पुडकं पाठवू नकोस. झबली तुझ्या हाताने घेऊन ये, तुझ्याच हाताने घाल.

तुझी,
गोदा